पाणी की गहू? शेगावच्या केसगळतीची पूर्वपीठिका

मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचे शेगाव आपल्याला माहीत असते ते गजानन महाराजांच्या समाधीमुळे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस मात्र बुलढाणा जिल्ह्यातल्या या तालुक्याचे नाव एका वेगळ्याच कारणाने देशभर गेले. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा काही गावांतल्या माणसांचे केस एकाएकी गळू लागले. आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस राठ व्हायचे आणि त्यानंतर नुसता हात फिरवला तरी केसांचा पुंजका हातात यायचा. तीन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात, टक्कल पडायचे. काहींना डोकेदुखी, ताप, उलट्या, जुलाब असाही त्रास झाला. जानेवारी २०२५ अखेरपर्यंत १८ गावांतील २७९ रुग्णांची नोंद झाली. त्यांत स्त्रिया आणि शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुली बऱ्याच होत्या.

केस गळून कोणी मरत नाही, असे म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण त्या गावांतल्या मुली वर्गात येईनाशा झाल्या. काहींनी उरलेसुरले केसही काढून टाकले आणि डोक्याला रुमाल बांधून त्या घरात बसल्या. लग्नाची बोलणी चाललेल्या घरांत तर काळजीला पारावार राहिला नाही. त्यातच 'टक्कल व्हायरस' असा एक शब्द फिरू लागला. आजाराला नाव मिळाले की कारणही कळले असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात कोणताही विषाणू सापडलेला नव्हता; पण त्या शब्दाने या गावांतल्या माणसांपासून चार हात दूर राहण्याची सोय इतरांना करून दिली.

मग कारण काय होते? त्याचा शोध घेताना आपल्याला शेगावहून बरेच दूर जावे लागणार आहे. कारण हाच प्रश्न याआधी जगात इतरत्र पडला होता, आणि तिथेही पहिले उत्तर चुकले होते.

पहिला संशय पाण्यावर

शेगावचा परिसर पूर्णा नदीच्या खोऱ्यात मोडतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला या खोऱ्याचा मोठा भाग 'खारपाण पट्टा' म्हणून ओळखला जातो. इथल्या भूगर्भातले पाणी खारे आहे. गावकऱ्यांनी, वार्ताहरांनी आणि सरकारी यंत्रणेनेही आधी बोट दाखवले ते पाण्याकडे. पाण्याचे नमुने तपासले गेले. त्यांत क्षार आणि नायट्रेट यांचे प्रमाण जास्त निघाले, त्यामुळे तो संशय बळावला. त्वचारोगतज्ज्ञांनी बुरशीचा संसर्ग आहे का हे पाहिले. साबण-शाम्पूची चौकशी झाली. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आणि इतर केंद्रीय संस्थांच्या तज्ज्ञांनी गावांना भेटी देऊन नमुने नेले.

पाण्यावर संशय घेणे अजिबात वेडेपणाचे नव्हते. एका गावातली पुष्कळ माणसे एकाच वेळी आजारी पडली की पाणी आधी तपासावे, हे आपण कॉलऱ्यापासून शिकलो आहोत. नायट्रेट जास्त असलेले पाणी वाईटच. विशेषतः तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता त्यामुळे घटते. परंतु त्याने आठवड्यात टक्कल पडल्याचे वैद्यकशास्त्राला माहीत नाही. शिवाय एक साधा प्रश्न उरतोच. खारपाण पट्ट्यातले पाणी पिढ्यान्‌पिढ्या खारे आहे. मग केस नेमके याच डिसेंबरात का गळावेत? जे कारण कायमचे आहे, त्याने एकाएकी उद्भवलेल्या घटनेचा उलगडा होत नाही. कारण शोधताना 'काय वाईट आहे' एवढेच विचारून भागत नाही, 'काय बदलले' हेही विचारावे लागते.

केस किती झपाट्याने गळाले, हाही एक धागा होता. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर केस गळतात ते साधारण दोन-तीन महिन्यांनी, आणि तेव्हा ते विरळ होतात. डोक्यावरचे दहांतले आठ-नऊ केस कोणत्याही वेळी वाढीच्या अवस्थेत असतात. त्यांच्या मुळाशी असलेल्या पेशींचे विभाजन एकदम थांबले, तर मात्र काही दिवसांतच टक्कल पडू शकते. कर्करोगावरच्या औषधांनी असे घडते. काही विषांनीही घडते. तेव्हा शेगावच्या गावांत शोधायचे होते ते असे विष, जे अलीकडेच लोकांच्या शरीरात जाऊ लागले होते.

मिसुरीकाठचे घोडे

आता आपण १८५६ साली अमेरिकेत जाऊ. मिसुरी नदीच्या काठी, आजच्या साउथ डकोटा राज्यात, फोर्ट रँडल नावाचे लष्करी ठाणे होते. तिथले लष्करी शल्यचिकित्सक टी. सी. मॅडिसन यांनी घोडदळाच्या जनावरांतला एक विचित्र आजार नोंदवला. घोड्यांच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस झडत, खुरे सुजत, त्यांना भेगा पडत आणि पुढे ती गळूनही पडत. मॅडिसन यांचे हे वर्णन १८६० मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढे या भागात शेतकरी वस्ती करून राहिले, तेव्हा त्यांच्या गुरांनाही हाच आजार होऊ लागला. तिथल्या कोरड्या मैदानांवर पाणी खारे होते आणि डबक्यांच्या कडेला पांढरे क्षार साठलेले दिसत. साहजिकच लोकांनी या आजाराचे नाव ठेवले 'अल्कली रोग', म्हणजे खाऱ्या पाण्याचा रोग. शेगावात २०२५ च्या जानेवारीत जो संशय आला, तो डकोटाच्या शेतकऱ्यांना शंभर वर्षांहून अधिक काळ आधी आला होता, आणि तोही त्याच कारणाने: जो दोष डोळ्यांना दिसतो आणि जिभेला जाणवतो, त्याच्यावर आपला संशय पहिल्यांदा जातो.

साउथ डकोटाच्या कृषी प्रयोगकेंद्राने १९१० नंतरच्या काळात हा संशय प्रयोगाने तपासला. गायींना ते खारे पाणी पाजून पाहिले. त्यांना अल्कली रोग झाला नाही. पाणी निर्दोष ठरले, पण नाव मात्र चिकटून राहिले आणि खरे कारण सापडायला आणखी वीसेक वर्षे जावी लागली.

ते सापडले धान्यात. याच केंद्रातले रसायनशास्त्रज्ञ कर्ट फ्रांके यांनी १९२९ पासून एक सरळ, पण अतिशय नेटका प्रयोग हाती घेतला. रोगट शेतांवरचे धान्य उंदरांच्या एका गटाला, आणि जिथे हा रोग नव्हता तिथले धान्य दुसऱ्या गटाला. दिसायला दोन्ही धान्ये सारखीच होती. रोगट शेतांवरचे धान्य खाणाऱ्या उंदरांची वाढ खुंटली आणि त्यांतले पुष्कळ मेले. दुसऱ्या गटातले उंदीर धडधाकट राहिले. पुढे फ्रांके यांनी धान्याचे घटक वेगळे करून पाहिले, तेव्हा विषारी भाग धान्यातल्या प्रथिनांमध्ये असल्याचे दिसले. हे विष कोणते, याचे उत्तर अमेरिकेच्या कृषी खात्यातले डब्ल्यू. ओ. रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये दिले. त्या गव्हात त्यांना सेलेनियम हे मूलद्रव्य सापडले. शेतातल्या मातीत सेलेनियम होते, पिकाने ते शोषून घेतले होते आणि चाऱ्यातून व दाण्यातून ते जनावरांच्या पोटात जात होते.

याच भागातल्या माणसांचीही तपासणी १९३६-३७ च्या सुमारास झाली. अनेकांच्या लघवीत सेलेनियम होते. पोटाच्या तक्रारी, खराब दात, नखांतले दोष आढळले. पण जनावरांसारखा ठळक आजार माणसांत दिसला नाही. याचे एक संभाव्य कारण आपण लक्षात ठेवू, कारण ते पुढे लागणार आहे. जनावर एकाच कुरणात चरते. माणूस दुकानातूनही खातो, म्हणजे अनेक ठिकाणच्या मातीत पिकलेले खातो.

चंद्राच्या नावाचे मूलद्रव्य

सेलेनियमचा शोध स्वीडनमध्ये १८१७ साली लागला. यन्स याकोब बर्झेलियस आणि योहान गॉटलीब गान हे गंधकाम्लाच्या एका कारखान्यातल्या टाकीच्या तळाशी साठणारा तांबूस गाळ तपासत होते. प्रथम तो टेल्युरियम असावा असे त्यांना वाटले. टेल्युरियम हे नाव पृथ्वीवरून पडलेले. गाळातले मूलद्रव्य त्याच्यासारखे, पण वेगळे निघाले, म्हणून बर्झेलियस यांनी त्याला ग्रीक चंद्रदेवता सेलिनी हिचे नाव दिले.

आवर्तसारणी वर्गात लावलेली असेल तर त्या तक्त्यावर पाहावे: गंधकाच्या बरोबर खाली सेलेनियम आहे. आपल्या कोड्याची किल्ली याच शेजारात आहे. एका गटातल्या मूलद्रव्यांचे रासायनिक वर्तन सारखे असते. वनस्पती मातीतून गंधक घेते आणि त्यापासून मेथिओनिन, सिस्टीन यांसारखी अमिनो आम्ले बनवते. मातीत सेलेनियम असेल, तर गंधकाच्या वाटेनेच तेही मुळांतून आत शिरते आणि त्याच अमिनो आम्लांत गंधकाची जागा पटकावते. फ्रांके यांना विष प्रथिनांत का सापडले, ते यावरून कळेल.

आता केसांकडे पाहू. केस, नखे, खुरे, शिंगे ही सारी केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात. केराटिनमध्ये गंधक भरपूर असते. केस जळाल्यावर जो वास येतो, त्यात या गंधकाचा मोठा वाटा असतो. केराटिनच्या धाग्यांना घट्ट बांधून ठेवतात ते गंधकाच्या दोन अणूंमधले बंध. या जागी सेलेनियम शिरले तर बांधणी कच्ची होते, असे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणूनच घोड्याची आयाळ, गाईचे खूर आणि माणसाचे केस व नखे यांना या विषाची झळ सर्वांत आधी लागते.

एवढे वाचून सेलेनियम म्हणजे केवळ विष असे कोणी समजू नये. क्लाउस श्वार्त्झ आणि फोल्ट्झ यांनी १९५७ मध्ये दाखवले की अत्यल्प सेलेनियम न मिळाल्यास उंदरांचे यकृत खराब होते. पुढे १९७३ मध्ये शरीरातल्या एका महत्त्वाच्या विकराचा ते घटक असल्याचे कळले. हे विकर पेशींचे हानिकारक ऑक्सिडीकरणापासून रक्षण करते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते, आणि रोज ४०० मायक्रोग्रॅमहून अधिक ते पोटात जाऊ नये असे मानले जाते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. गरज आणि धोका यांच्यातले अंतर सात-आठ पटींचेच आहे.

एकाच देशातले दोन आजार

कमी पडले तर एक आजार आणि जास्त झाले तर दुसरा, याची सर्वांत ठळक उदाहरणे चीनमध्ये सापडली. ईशान्येकडच्या हैलोंगज्यांग प्रांतातल्या केशान परगण्यात १९३५ साली हृदयाच्या स्नायूंचा एक जीवघेणा आजार लक्षात आला. तो मुख्यतः लहान मुलांना आणि तरुण स्त्रियांना होई. पुढे ध्यानात आले की हा आजार असलेल्या पट्ट्यातल्या मातीत आणि धान्यात सेलेनियम फारच कमी आहे. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. ते ठरवण्यासाठी १९७४ मध्ये सिचुआन प्रांतातल्या मुलांवर चाचणी घेण्यात आली. काही मुलांना आठवड्यातून एकदा सोडियम सेलेनाइटची गोळी दिली, इतरांना औषध नसलेली गोळी दिली. वर्षाअखेरीस औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ३,९८५ मुलांपैकी ५४ जणांना केशान रोग झाला; सेलेनियम घेणाऱ्या ४,५१० पैकी १० जणांना. शेकड्यात सांगायचे तर १.३५ आणि ०.२२. फरक इतका स्पष्ट होता की १९७६ मध्ये तुलनेसाठी ठेवलेला गट बंद करून सर्वच मुलांना सेलेनियम देण्यात आले.

दुसरा आजार मध्य चीनमधल्या हुबेई प्रांतात, एन्शी परगण्यात झाला. तिथे १९६१ ते १९६४ या काळात माणसांचे केस आणि नखे गळू लागली. सर्वाधिक झळ बसलेल्या पाच गावांत मिळून २४८ माणसे राहत होती आणि त्यांतली जवळपास निम्मी आजारी पडली. या भागातल्या दगडी कोळशात सेलेनियम भरपूर आहे. कोळसा झिजून ते मातीत उतरले. शेतात टाकलेल्या चुन्यामुळे पिकांना ते शोषणे आणखी सोपे झाले. पण ही माती आणि हा कोळसा तर तिथे पूर्वीपासूनच होता. मग आजार त्याच वर्षांत का उसळला? कारण दुष्काळाने भाताचे पीक गेले होते. लोकांना आपल्याच शेतातल्या मक्यावर आणि भाजीपाल्यावर दिवस काढावे लागत होते. ताटातले वैविध्य संपले आणि मातीतले सेलेनियम अंगाला बाधले. संशोधकांनी नंतर मोजले, तेव्हा बाधित भागात माणसाच्या पोटात दिवसाला सरासरी सुमारे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम सेलेनियम जात असल्याचे दिसले. ते खाणे सोडल्यावर लोक बरे झाले आणि केसही पुन्हा आले.

भारतातही असा प्रदेश आहे. पंजाबातल्या होशियारपूर आणि नवांशहर या जिल्ह्यांत (नवांशहर जिल्ह्याचे नाव आता शहीद भगतसिंग नगर असे आहे) शिवालिक टेकड्यांतून येणाऱ्या ओढ्यांनी आणलेल्या गाळात काही ठिकाणी सेलेनियम जास्त आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या के. एस. धिल्लाँ आणि एस. के. धिल्लाँ यांनी या जमिनींचा अनेक वर्षे अभ्यास केला. गव्हाची पाने पांढरी पडणे, गुरांची खुरे बिघडणे, काही माणसांचे केस व नखे गळणे, असे सर्व टप्पे त्यांनी तिथे नोंदवले.

पुन्हा शेगाव

शेगावच्या गावांत अन्नातल्या विषाचा माग काढणाऱ्यांत डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे नाव पुढे आले. ते मूळचे बुलढाण्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातले. कोकणात महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात ते १९७६ मध्ये रुजू झाले. विंचूदंशाने दगावणारी माणसे, विशेषतः मुले, त्यांनी तिथे पाहिली. रुग्णाची नोंद तासातासाला ठेवत त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाचा विंचूदंशासाठी उपयोग रूढ केला. लहान गावातल्या रुग्णांच्या काटेकोर नोंदींतून जागतिक दर्जाचे संशोधन होऊ शकते, याचे ते उदाहरण आहे. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

शेगाव भागात त्यांनी रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले, आणि तुलनेसाठी आजार नसलेल्यांचेही नमुने घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे निष्कर्ष लोकांसमोर आले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम सुमारे ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट जास्त होते. जस्ताचे प्रमाण मात्र कमी होते. मग त्यांनी घरातले धान्य तपासले. रेशन दुकानातून आलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. स्थानिक गव्हाच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे ६०० पट होते. तोच गहू धुऊन तपासला तेव्हा १३.६१ मिलिग्रॅम निघाले.

धुतल्यावर आकडा जेमतेम घटला, ही बाब बारकाईने पाहण्यासारखी आहे. वरून उडालेली धूळ किंवा फवारलेले औषध असते, तर त्यातले बरेचसे धुण्याने गेले असते. सेलेनियम दाण्याच्या आतच होते, म्हणजे ते पीक उभे असतानाच मुळांतून आले असावे. फ्रांके यांनी नव्वद वर्षांपूर्वी प्रथिनांत पाहिले होते ते हेच.

आता विद्यार्थ्यांकडून एक गणित करून घ्यावे. एक प्रौढ माणूस दिवसाला ३०० ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खातो असे धरू. किलोत १४.५ मिलिग्रॅम, तर ३०० ग्रॅमांत ४.३५ मिलिग्रॅम, म्हणजे ४,३५० मायक्रोग्रॅम. सुरक्षित मर्यादेच्या दहापटीहून अधिक. आणि एन्शीच्या बाधित गावांत मोजलेला दैनिक आकडा होता सुमारे ५,०००! एका नमुन्यावरून केलेला हा अंदाज आहे. प्रत्येक पोत्यातला गहू तसाच होता असे त्यावरून म्हणता येणार नाही. पण दोन दूरच्या प्रदेशांतले, साठ वर्षांच्या अंतराने निघालेले आकडे इतके जवळ यावेत आणि लक्षणेही तीच असावीत, हा पुरावा दुर्लक्ष करण्याजोगा खचित नाही.

एप्रिल २०२५ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. याच गावांतल्या काही लोकांची नखे विद्रूप होऊन गळू लागली. लोक पुन्हा धास्तावले, नवीनच रोग आला असे त्यांना वाटले. पण नखांच्या वाढीचा वेग लक्षात घेतला तर यात नवल नाही. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. मुळाशी झालेली इजा वर दिसायला आणि नख सुटून यायला काही महिने लागतात. विषाची वेळ एकच असू शकते. केसांनी ती लगेच सांगितली, नखांनी उशिरा. अमेरिकेत २००८ मध्ये एका द्रवरूप पूरक आहारात चुकून २०० पट सेलेनियम पडले आणि २०१ माणसे आजारी झाली. त्यांच्यातही केसगळती आणि नखांचे विकार असे दोन्ही त्रास होते आणि अनेकांच्या नखांच्या तक्रारी तीन महिन्यांनंतरही टिकून होत्या.

माती पोत्यातून येते

डॉ. बावस्कर यांनी या गव्हाचा माग पंजाब-हरियाणाकडे, शिवालिकच्या पायथ्याकडे नेला. असा दावा पक्का करायचा तर पोते कोणत्या गोदामातून, कोणत्या बाजारातून, कोणत्या शेतातून आले याची साखळी कागदोपत्री जुळावी लागते, आणि त्या शेतातल्या मातीचा नमुनाही बोलावा लागतो. गावातल्या घरांचे चार गट पाडून मोजावे लागते: तो गहू खाल्ला आणि केस गळले, खाल्ला पण गळले नाहीत, खाल्ला नाही तरी गळले, खाल्ला नाही आणि गळलेही नाहीत. एवढी चार चौकटींची साधी सारणी आठवी-नववीचा विद्यार्थीही मांडू शकेल. रोगाच्या कारणाचा शोध पुष्कळदा अशा चार चौकटींतूनच पुढे सरकतो. नुसते रुग्ण मोजून तो लागत नाही; जे आजारी पडले नाहीत त्यांच्याकडेही जावे लागते. फ्रांके यांचा धडधाकट उंदरांचा गट आणि सिचुआनमधली औषधाविना गोळी घेणारी मुले यांच्याविना ते दोन्ही निष्कर्ष उभेच राहिले नसते.

या इतिहासात शेगावचे वेगळेपण आम्हांला एका गोष्टीत दिसते. डकोटात तिथल्या मातीने तिथली गुरे आजारी पाडली. एन्शीत तिथल्या मातीने तिथली माणसे आजारी पाडली. कारण शोधायचे तर पायाखाली पाहणे पुरेसे होते. शेगावकडेही सर्वांनी आधी याच नजरेने पाहिले: इथले पाणी, इथली हवा, इथली जमीन. पण आज ताटातले अन्न पायाखालच्या जमिनीतूनच आलेले असते असे नाही. विदर्भाच्या या भागात पूर्वी घरची किंवा शिवारातली ज्वारी खाल्ली जाई. आता गहू हजार किलोमीटरहूनही दूरवरून येऊ शकतो, आणि गव्हाबरोबर तिथल्या मातीचा अंशही येतो. गुण असतील तर गुण, दोष असतील तर दोष.

एरवी यात भीतीचे कारण नाही. उलट फायदाच आहे. निरनिराळ्या ठिकाणचे धान्य आलटून पालटून खाल्ले की एका मातीतले कमी-जास्त दुसऱ्या मातीने भरून निघते. डकोटातली माणसे बचावली ती बहुधा अशीच. धोका कोणाला? ज्याच्या घरी महिनाभर एकाच पोत्यातला गहू शिजतो आणि ज्याला दुसरा विकत घेणे परवडत नाही, त्याला. दुष्काळाने एन्शीच्या शेतकऱ्याचे ताट जसे एकसुरी केले, तसे गरिबीही करते. स्वस्त धान्य दुकानातला गहू अशा घरांचा आधार आहे, आणि म्हणूनच त्याची तपासणी इतर कोणत्याही धान्यापेक्षा अधिक काळजीने व्हायला हवी. त्यात किडे-खडे किती आहेत हे डोळ्यांना दिसते. सेलेनियम दिसत नाही, त्याला चव नाही, वास नाही. ते प्रयोगशाळेतच कळते.

शिक्षकांसाठी यात आणखीही काही आहे, असे आम्हांला वाटते. वर्गात एखादी मुलगी रुमाल बांधून आली तर तिला वेगळे बसवायचे कारण नाही, हे पहिल्या दिवशी तिच्या शिक्षकांनी ठामपणे सांगणे, हाही विज्ञानशिक्षणाचाच भाग आहे. आणि हजेरीपटाकडे रोज पाहणारा माणूस गावात दुसरा कोण असतो? एकाच आठवड्यात चार मुले एकाच तक्रारीने गैरहजर राहिली, तर ते डॉक्टरच्या आधी शिक्षकाच्या लक्षात येऊ शकते. कोण, कधीपासून, घरात आणखी कोणाला, खाण्यापिण्यात अलीकडे काय बदलले, एवढे चार रकाने वहीत मांडून ते कागद आरोग्य केंद्रात पोचवले तर शोधाचा पहिला आठवडा वाचेल. फोर्ट रँडलच्या मॅडिसन यांनाही आजाराचे कारण माहीत नव्हते. त्यांनी पाहिले तसे लिहून ठेवले, आणि त्या नोंदीचा अर्थ पाऊणशे वर्षांनी लागला.

शेगाव तालुक्यातल्या त्या गावांत, तो गहू खाणे थांबल्यावर अनेकांचे केस पुन्हा उगवू लागले. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. वेणी घालण्याइतके केस यायला दोन-तीन वर्षे लागतात. त्या मुलींनी तेवढा काळ शाळेबाहेर काढू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.